सांगून यायची रीत

सोयाबीनच्या राशी सुरू झाल्या की मी बसची खिडकी लावून घेते. नांदेडहून निघालेली बस लोहा मागे टाकून अहमदपूरच्या अंगाला लागली की दोन्ही बाजूंनी मळणीयंत्रांची घरघर ऐकू येते, भुसकटाचा पिवळा धुराळा उठतो, आणि दसरा-दिवाळीच्या मधलं ते चिडकं ऊन त्या धुराळ्यात अडकून बसतं. शेजारची बाई विचारते, दमा आहे का? मी हो म्हणते. दमा नाही मला. मला लाज वाटते आणि ती दर वर्षी नेमकी याच दिवसांत वर येते, हे अनोळखी बाईला कसं सांगणार.

यंदाही तशीच निघाले होते, लातूरला, कामासाठी. खिडकी लावली तरी वास आत येतोच. वाळलेल्या सोयाबीनच्या काडाला एक तुरट, उन्हात तापलेल्या पोत्यासारखा वास असतो. शेंगांवरची बारीक लव मानेला चिकटते आणि दिवसभर खाजवत राहते. लहानपणी राशीवरून आलो की शांताआत्या आम्हाला अंगणातच उभं करून मानेवर तांब्याने पाणी ओतायची. तिचा तळहात खरखरीत होता. खाजणाऱ्या मानेवर तो फिरला की इतकं बरं वाटायचं, की आम्ही मुद्दाम भुसकटात लोळून यायचो.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. चाकूरच्या आत एका खेड्यात तिचं रान आहे आणि घराच्या ओट्यावर किराणा दुकान. मामा, म्हणजे तिचे यजमान, दुकान बघायचे आणि रान बघायची आत्या. बारावीसाठी मला लातूरला ठेवलं तेव्हा आईला घर सोडता येईना, म्हणून आत्या दोन वर्षं माझ्यासोबत भाड्याच्या खोलीत येऊन राहिली. त्या गल्लीत प्रत्येक खोलीत अशीच कुणाची तरी आई, आजी, नाहीतर मावशी असायची. पोरं क्लासला गेली की या बाया दारात बसून निवडणं-टिपणं करायच्या आणि आपापल्या पोरांचे मार्क एकमेकींना थोडे वाढवून सांगायच्या. आत्याच्या विरजणावर त्या अख्ख्या गल्लीचं दही लागायचं. कुणीही वाटी घेऊन यावं, आत्यानं चमचाभर द्यावं. जात विचारायची नाही, गाव विचारायचं नाही.

मला डॉक्टर व्हायचं होतं. मार्क कमी पडले. आत्या मला एका शब्दानं बोलली नाही. पुढे मला नोकरी लागल्यावर गावात मात्र सांगत सुटली की शैली दवाखान्यात जाणार म्हणत होती, गेलीच की नाही. मी प्रयोगशाळेचं शिक्षण घेतलं आणि नांदेडच्या एका खाजगी दवाखान्यात लागले. नाव सांगत नाही. पू, रक्त, थुंकी यांच्यात कोणते जंतू आहेत आणि ते कोणत्या औषधाला मरतात, हे बघायचं माझं काम. एका चपट्या पारदर्शक डबीत जंतूंचं खाद्य असतं, तिला आम्ही प्लेट म्हणतो. त्यावर जंतू पसरायचे, वर वेगवेगळ्या औषधांत भिजवलेल्या कागदी टिकल्या ठेवायच्या आणि डबी उबेत ठेवून द्यायची. दुसऱ्या दिवशी ज्या टिकलीभोवती मोकळं गोल रिंगण दिसेल, ते औषध लागू. टिकलीच्या कडेपर्यंत जंतू येऊन बसले असतील, तर त्या औषधाचा उपयोग नाही.

सुरुवातीची काही वर्षं रिंगणं दिसायची. मग ती लहान होत गेली. पुढे पुढे अशा प्लेटा येऊ लागल्या की ज्यांवर एकही रिंगण नसायचं. आमच्या डॉक्टर मॅडमनी मला एकदा समजावून सांगितलं होतं. जंतूच्या अंगात त्याच्या मुख्य जनुकांखेरीज आणखी एक लहानसं जनुकांचं कडं असू शकतं, आणि औषधाला कसं हरवायचं याची विद्या त्या कड्यात लिहिलेली असते. जंतू शेजारच्या जंतूला चिकटतो आणि त्या कड्याची एक नक्कल त्याला देऊन टाकतो. शेजारचा आपल्याच जातीचा असायला हवा असंही नाही. एका रोग्याच्या आतड्यातला निरुपद्रवी जंतूसुद्धा ही विद्या सांभाळून ठेवतो आणि वेळ आली की दुसऱ्या, वाईट जंतूच्या हवाली करतो. आणि दवाखान्यात तर औषधं सतत चालू असतात, त्यामुळे ज्यांच्याकडे कडं नाही ते मरतात, ज्यांच्याकडे आहे त्यांचंच राज्य. मॅडम सांगत होत्या आणि माझ्या डोळ्यांपुढे लातूरची गल्ली होती. हे विरजणच झालं की, मी म्हटलं. मॅडम हसल्या. मीही हसले.

महिन्यातून एकदा वॉर्डातल्या वस्तू तपासायचं कामही माझ्याकडेच होतं. ओल्या कापसाच्या काडीने नळ, पलंगाची कड, ड्रेसिंगची ट्रॉली, जंतुनाशकाच्या बाटलीचं तोंड पुसून आणायचं आणि त्यातून काय उगवतं ते बघायचं. त्याला स्वॅब म्हणतात. वॉर्डाच्या प्रमुख होत्या कुसुम सिस्टर, उमरीच्या. एका महिन्यात त्यांच्या ट्रॉलीवर काहीतरी उगवलं आणि त्यांना सगळ्यांसमोर बोलणी बसली. दोन माणसांचं काम एकटी करणारी ती बाई औषधांच्या खोलीत जाऊन रडली. मला फार वाईट वाटलं. पुढच्या वेळी आदल्या दिवशी मी त्यांना फोन केला. एवढंच म्हटलं, "ताई, उद्या येते हं."

यात मला काही वावगं वाटलं नाही, खरंच नाही. आपल्याकडे कुणाच्या घरी जायचं तर आधी कळवायचं असतं. घरच्या बाईला झाडून घ्यायला, चार भांडी घासायला वेळ मिळावा. न कळवता जाऊन कुणाचा पसारा बघणं म्हणजे त्या बाईचा अपमान, असंच आत्यानं मला शिकवलं होतं. तीच रीत मी वॉर्डात नेली. सकाळी गेले की ट्रॉली लखलखीत असायची, नळ पुसलेला, सगळीकडे स्पिरिटचा झणझणीत वास. पाहुण्यांसाठी कपाटातली कपबशी काढावी तशी जंतुनाशकाची नवी कोरी बाटली मांडलेली असायची. चहा यायचा. मी स्वॅब घ्यायचे. काही उगवायचं नाही. त्या रिपोर्टांची फाइल चांगली जाड झाली होती आणि तपासणीला आलेल्या लोकांनी तिचं कौतुक केलं होतं. मीही ते मिरवलं.

त्या वर्षी राशीच्या दिवसांत आत्या काडाचा भारा उचलून चालताना घसरली आणि उजवा हात टेकला तो नेमका धसकटावर. सोयाबीन कापल्यावर जमिनीत जे बोटभर खुंट राहतात, ते खिळ्यासारखे असतात. ते तळव्यात घुसलं. तिनं हळद भरली, चिंधी बांधली आणि रास पुरी केली. चौथ्या दिवशी हात कोपरापर्यंत सुजला तेव्हा मामांचा मला फोन आला. ते लातूरला निघाले होते. लातूर जवळ, गाडी केली की तासाभरात पोचतात.

मी म्हटलं, "मामा, लातूरला नका नेऊ. इकडं आणा. इथं मी आहे."

हे वाक्य मी नंतर किती वेळा मनात परत गिळलं असेल. मामांनी तासाभराचा दवाखाना सोडला आणि दुप्पट-अडीचपट रस्ता तुडवत तिला नांदेडला आणलं, कारण इथं आपलं माणूस आहे.

जखम साफ केली. पू माझ्याकडे आला. साधाच जंतू होता, रानातला. प्लेटवर टिकल्यांभोवती मोठी मोठी स्वच्छ रिंगणं. मी तिचा फोटो काढून मामांना दाखवला, बघा, सगळी औषधं लागू पडतात. सूज उतरली. आत्या पलंगावर बसून शेजारच्या बायांना सांगायची की ही माझी भाची, हिच्याच हातात सगळा दवाखाना हाय. मी कौतुकानं लाजून निघून यायचे. पांढरा कोट घालून दिवसातून तीनदा त्या वॉर्डात जाताना माझे पाय जमिनीला लागत नव्हते.

सहाव्या दिवशी तिला ताप भरला. पट्टी सोडली तर जखमेचा रंग बदललेला. पुन्हा नमुना आला. प्लेटवर या वेळी दुसरंच काही उगवलं होतं: मोठे, ओले, गुलाबी ठिपके. तपासायची बारीक तार लावून उचलले तर पाकासारखे तंतू धरून वर येत होते. टिकल्या ठेवल्या. दुसऱ्या दिवशी डबी उघडली. एकही रिंगण नव्हतं. सगळ्या टिकल्या जंतूंच्या सायीखाली बुडाल्या होत्या.

हा जंतू रानातला नव्हता. तो तिला आमच्याकडे आल्यावर मिळाला होता. आणि मी त्याला ओळखत होते. गेल्या दोन-अडीच महिन्यांत त्याच वॉर्डातल्या चार नमुन्यांत तो मी बघितला होता. त्यातले एक निवृत्त गुरुजी होते, पायाला जखम झालेले. ते घरी गेले ते चालत गेले नाहीत. त्या वेळी मी मनाशी म्हटलं होतं, रोगी बाहेरून घेऊन आले असतील, कारण वॉर्ड तर स्वच्छ आहे, फाइल आहे ना. गुरुजींचं नाव मला आठवत नाही, नमुन्याचा नंबर आठवतो.

त्या दिवशी मी पहिल्यांदा कुणाला न कळवता वॉर्डात गेले. कुसुम सिस्टर गडबडल्या. ट्रॉलीवर जंतुनाशकाची जुनी बाटली होती, रोजची. ती कधी रिकामी करून धुतलीच जात नव्हती. तळाशी आली की वरून नवं ओतायचं, पुन्हा तळाशी आली की पुन्हा ओतायचं. विरजणाचं भांडं. मी काडी तिच्या तोंडाभोवती, मग आत फिरवली. त्या बाटलीतल्या पाण्यानेच रोज आत्याची जखम पुसली जात होती. दोन दिवसांनी प्लेटवर तेच गुलाबी, ओले ठिपके होते, तेच तंतू, त्याच बुडालेल्या टिकल्या.

नव्या बाटल्या फक्त माझ्यासाठी निघत होत्या. माझ्या फोनमुळे निघत होत्या.

आत्याला शेवटचं म्हणून राखून ठेवलेलं एक जुनं, मूत्रपिंडाला जड जाणारं औषध दिलं. त्यानं जीव वाचला. हात वाचला नाही. करंगळी, तिच्या शेजारची दोन बोटं आणि तळव्याची ती बाजू काढावी लागली. अंगठा आणि तर्जनी राहिली.

मग मीटिंग झाली. बाटली धुतली जात नव्हती हे सगळ्यांना पटलं. मॅडमनी मला विचारलं की मग एवढे महिने स्वॅबमध्ये काही कसं आलं नाही. कुसुम सिस्टर माझ्यासमोरच्या खुर्चीत होत्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं, फक्त बघितलं. मी म्हटलं, दूषित व्हायला अलीकडेच सुरुवात झाली असावी. मॅडमनी मान डोलावली. सिस्टरना पंधरा दिवसांत काढून टाकलं. जाताना त्यांनी फोनबद्दल कुणालाही सांगितलं नाही, मलाही काही बोलल्या नाहीत. मला वाटतं, त्या माझ्यावर ओरडल्या असत्या तर मी एवढी वर्षं इतक्या आरामात गप्प बसू शकले नसते.

आत्या घरी जाताना सगळ्यांच्या पाया पडत निघाली. आणि तेव्हापासून गावात जी येईल तिला सांगते, शैली होती म्हणून वाचले. मी तिथं असले तर माझा हात धरून सांगते. मी हात सोडवून घेत नाही. कौतुक करून घेणं इतकं अवघड असतं हे मला आधी माहीत नव्हतं.

दवाखान्यात मी त्यानंतर कधीही कळवून स्वॅब घेतले नाहीत. वॉर्डातल्या पोरी मला बघून तोंड वाकडं करतात, करू देत. पण आत्याकडे जाताना मात्र नेहमी फोन करून जायचे. दर वर्षी एकदा-दोनदा. गेले की अंगण सारवलेलं, आत्या डोक्यावरून पदर घेऊन ओट्यावर बसलेली, उजवा हात पदराखाली. ताटात धपाटे असायचे, गोल, पातळ, कडेला एक चीर नसलेले, वर दही आणि शेंगदाण्याची चटणी. आत्या म्हणायची, डाव्या हातानं सगळं जमतंय गं, काय अडत न्हाई. मी दोन धपाटे जास्त खायचे आणि परतीच्या बसमध्ये जीव थोडा हलका झालेला असायचा. एवढं काही बिघडलं नाही, असं स्वतःला सांगायला मला ते धपाटे पुरायचे.

यंदा चाकूरच्या थांब्यावर बस बराच वेळ उभी राहिली. कोपऱ्यावर ताडपत्रीवर सोयाबीन वाळत घातलं होतं आणि एक म्हातारी अनवाणी पायांनी ते उलथंपालथं करत होती. तळपायाने दाणे सारायची तिची ती लकब हुबेहूब आत्याची होती. मला काय वाटलं कोण जाणे, पर्स घेऊन खाली उतरले. मागच्या सीटवरून कुणीतरी म्हणालं की लातूर नाही हे. आत जाणारी ऑटो मिळाली. फोन करायला पर्समध्ये हात घातला आणि तसाच बाहेर काढला.

आत्या अंगणात चुलीपुढे बसली होती. पाठमोरी. डोक्यावर पदर नव्हता. तिचे केस कापलेले होते, मानेपर्यंत, वेडेवाकडे. अंबाडा बांधायला दोन हात लागतात हे माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. परात सरकू नये म्हणून तिनं पायाने दाबून धरली होती आणि डाव्या हाताने पीठ मळत होती. पीठ निम्मं जमिनीवर होतं. तव्यावरचा धपाटा एका बाजूने फाटून काळा झाला होता. तो उलटायला तिनं उजवा हात पुढे केला, दोन बोटांच्या चिमटीत कड पकडली, ती निसटली, पुन्हा पकडली.

मामा दुकानातून बाहेर आले आणि मला बघून जागीच थांबले. अपराध्यासारखे म्हणाले की तू येणार ठाऊक नव्हतं, नाहीतर रेखाला बोलावलं असतं. रेखा म्हणजे शेजारची सून. मला कळायला एक क्षण लागला. इतकी वर्षं मी खाल्लेले ते गोल, पातळ धपाटे रेखाचे होते.

आत्यानं वळून बघितलं. आधी पदर डोक्यावर ओढला, मग हात पदराखाली घेतला. चेहरा रागाने लाल झाला होता, आणि डोळ्यांत पाणी होतं.

"सांगून यायचं असतंय गं माय," ती म्हणाली. "न सांगता कामून आलीस?"

मी तिच्यासमोर जमिनीवर बसले. तव्यावरचा धपाटा जळत होता, तो मामांनी उतरवला. आणि मग मी सगळं सांगितलं. फोन, नवी बाटली, जुनी बाटली, लातूरला नेऊ नका म्हटलं ते, मीटिंगमध्ये खोटं बोलले ते. मामा उंबऱ्यात उभे होते. मधेच ते आत निघून गेले. आत्या ऐकत राहिली. माझं बोलणं संपल्यावर तिनं जमिनीवर सांडलेलं पीठ डाव्या हाताने गोळा करून बाजूला सारलं. ती मला जवळ घेईल असं मला कुठंतरी वाटत होतं. तिनं घेतलं नाही.

मग तिनं विचारलं की त्या उमरीच्या बाईचं पुढे काय झालं. मी सांगितलं की घरीच असतात म्हणे, पुन्हा कुठं लागल्या नाहीत. तिला हे सांगितलंस का, आत्यानं विचारलं. मी नाही म्हटलं.

आत्यानं पदराखालचा हात काढला आणि माझ्या मांडीवर ठेवला. इतक्या वर्षांत मी तो उजेडात नीट बघितलाच नव्हता. कापलेल्या जागेची कातडी आत ओढली गेली होती, तर्जनी थोडी वाकडी झाली होती, आणि अंगठ्याखाली तो खरखरीतपणा अजून होता.

"बघ," ती म्हणाली. "बघितलास नव्हं? आता तिच्या घरी जा. फोन करून जाऊ नगंस. ती बी झाडून-पुसून बसंल."

रेखाला बोलवू दिलं नाही मी. जळका धपाटा दोघींनी मिळून खाल्ला. परतीच्या बसमध्ये खिडकी उघडी ठेवली, मानेला लव चिकटली, घरी येईपर्यंत खाजवत होती.

याला आता आठ दिवस झाले. उमरी नांदेडहून लांब नाही, सकाळी गेलं तर दुपारी परत येता येतं. मी अजून गेलेले नाही. कुसुम सिस्टरचा नंबर माझ्या फोनमध्ये तसाच आहे. रोज एकदा तो काढते आणि बोट त्याच्यावर नेते. मग आठवतं, फोन करायचा नाही, जायचं आहे.